डोळ्यांवर झापड, हातात ड्रोन



ड्रोन म्हटले की आता गावात कुणी आ वासून बघत नाही. गावठाणाच्या मोजणीला तो येऊन गेला. आपल्या पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात तर स्वामित्व योजना देशभर सुरू होण्याच्या आधीच ड्रोनने गावठाण मोजून पाहिले होते. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी ती योजना जाहीर झाली आणि गावोगाव मिळकत पत्रिका निघू लागल्या. त्यामागून औषध फवारणारा मोठा ड्रोन आला. लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारा छोटा ड्रोन तर आता वाजंत्र्यांइतकाच ठरलेला झाला आहे.

आज बोलायचे आहे ते या छोट्या ड्रोनबरोबर येणाऱ्या एका वस्तूबद्दल. तिला व्हिडिओ गॉगल म्हणतात. उन्हात लावायचा काळा चष्मा तो हा नव्हे. ही दोन्ही डोळे पुरते झाकणारी, पट्ट्याने डोक्याला आवळायची एक पेटी असते. आत प्रत्येक डोळ्यापुढे एक चिमुकला पडदा आणि एक भिंग. ड्रोनचा कॅमेरा जे पाहतो ते बिनतारी येऊन त्या पडद्यांवर उमटते. लावणाऱ्याला वाटते, आपणच पाखरू होऊन उडतो आहोत.

ही वस्तू गावात कशी येते, तेही बघू. पुण्याची बिबवेवाडी आपल्याला परकी नाही. मार्केट यार्डात कांद्याची, भाजीची गाडी खाली करून दक्षिणेला निघाले की लागलीच बिबवेवाडी. नावाप्रमाणे एके काळी तीही वाडीच होती. आज तिथे इमारतीला इमारत लागली आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांची एखादी फांदी तिकडे गेलेली आहे. कुणाची बहीण दिली आहे, कुणाचा मुलगा तिथल्या कॉलेजात शिकतो आहे. समजा, दिवाळीच्या सुटीत असाच एक भाचा पाठीला पिशवी लावून आला. पिशवीत ड्रोन आणि गॉगल. म्हणाला, "मामा, चला, तुमचा उसाचा फड वरून दाखवतो." मामालाही हौस. मामी, पोरे, शेजारी सगळे बांधावर गोळा झाले. भाच्याने गॉगल चढवला आणि यंत्र भुर्रकन उडाले.

इथे थांबून विचार करायला हवा. त्या घडीला बांधावरच्या साऱ्या माणसांत, आपल्या पायाखाली काय आहे आणि डोक्यावर काय आहे, हे न दिसणारा माणूस एकच असतो. आणि यंत्राची सूत्रे नेमकी त्याच्याच हातात असतात.

तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या बैलाच्या डोळ्यांना झापड बांधीत, हे जुन्या मंडळींनी पाहिले आहे. पण त्या बैलाची वाट ठरलेली होती आणि त्याच्याजवळ डोळस तेली होता. गॉगल लावलेल्या माणसाला ठरलेली वाट नसते. म्हणून त्याच्याजवळ डोळस माणूस तर असलाच पाहिजे. माझे आजचे सांगणे एवढेच आहे. ते का, ते आता एकेक करून पाहू.

डोळे दोन, पण अंदाज एकाचाच

देवाने दोन डोळे दिले ते नुसते जोडी म्हणून नव्हेत. दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते आणि त्या फरकावरून ती किती लांब आहे हे मेंदू ताडतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे कळेल. आता या छोट्या ड्रोनना समोर पाहणारा कॅमेरा बहुधा एकच असतो. त्या एकाच कॅमेऱ्याचे एकच चित्र गॉगलच्या दोन्ही पडद्यांवर येते. पडदे दोन असले तरी पाहणे एका डोळ्याचेच. नारळाची झावळी दहा हातांवर आहे की तीस हातांवर, याचा नैसर्गिक अंदाज गेला.

त्यात आणखी एक मेख आहे. कॅमेऱ्याचे भिंग रुंद नजरेचे असते. ते बरेच मोठे दृश्य गोळा करते आणि छोट्या चौकटीत दाबून बसवते. त्यामुळे वस्तू आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते. मोटारीच्या बाजूच्या आरशात मागची गाडी लांब वाटते, पण ती पाठीशीच असते, तसा हा प्रकार. नवशिक्याचा ड्रोन झाडाला, भिंतीला किंवा उतरताना जमिनीला धडकतो, त्यात या फसव्या अंतराचा वाटा मोठा असतो.

आपली स्वतःची नजर डावीउजवीकडे जवळजवळ अर्धे वर्तुळ व्यापते. म्हणून तर समोर कुळव धरला असताना बाजूने येणारा बैल आपल्याला मान न वळवता जाणवतो. बहुतेक गॉगलमधली चौकट याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असते. बाजूने झडप घालणारी घार तिच्यात दिसत नाही. मागून येणारी तर नाहीच नाही. घार आपल्या हद्दीत आलेल्या ड्रोनवर तुटून पडते. खाली उघड्या डोळ्यांनी उभा असलेला पोरगाही ती आधी पाहील आणि ओरडेल. गॉगलवाल्याला मात्र चित्र गरगरल्यावरच कळेल.

तार दिसत नाही

गावाकडे सर्वांत मोठे भय तारेचे. आपल्या शिवारातून पंपांच्या विजेच्या तारा गेलेल्या असतात. कुठे झोळ पडलेल्या, कुठे खांब कललेले. करंगळीहून बारीक तार. रुंद नजरेच्या कॅमेऱ्याला दहा मीटरवरची अशी तार चित्राच्या एका ठिपक्याएवढीसुद्धा धड भरत नाही. त्यात चित्र बिनतारी पाठवताना ते दाबून लहान करावे लागते. मागे हिरवा ऊस किंवा ढगाळ आभाळ असले, की तार त्यात विरून जाते. खांब दिसतो, तार दिसत नाही. तसाच संक्रांतीच्या दिवसांतला पतंगाचा मांजा.

मग वेगाचा हिशेब बघा. हे यंत्र ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालले, तर सेकंदाला १० मीटर जाते. चांगल्या यंत्रातही कॅमेऱ्याने पाहिलेले गॉगलमध्ये पोचायला सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग लागतो. तेवढ्यात ते फूटभर पुढे गेलेले असते. इतके चालून जाते. पण मध्ये घर आले, टेकाड आले, दाट आमराई आली, की लहर अडते, चित्र फाटते, गोठते. एक सेकंद चित्र गोठले तर यंत्र १० मीटर, म्हणजे तेहतीस फूट, आंधळेपणाने गेले. त्या तेहतीस फुटांत तार असेल, मेंढरांचा कळप असेल, नाहीतर डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन येणारी बाई असेल. पंखे भरवेगात फिरत असतात. बोटे कापतात, डोळ्याला इजा होते. यंत्राचे वजन शे-दोनशे ग्रॅम असले, तरी उंचावरून डोक्यात पडले तर ते फूल नव्हे.

ड्रोन तारेत अडकला तर काढायला बांबू घेऊन कुणी धावू नये. ओला बांबू वीज वाहून नेतो. वीज कंपनीच्या माणसाला कळवावे आणि तोवर पोरांना तिथून लांब ठेवावे. यंत्र गेले तर गेले.

पायाखालची जमीन

आता ड्रोनकडून उडवणाऱ्या माणसाकडे वळू. शहरातल्या मैदानात गॉगल लावून उभे राहणे वेगळे आणि आपल्या शिवारात वेगळे. आपल्याकडे बिनकठड्याच्या विहिरी आहेत, शेततळी आहेत, पाटाच्या कडा आहेत. गवतात विंचूकाटा आहे. गॉगलमध्ये यंत्र डावीकडे कलले की माणूसही नकळत डावीकडे कलतो, पाऊल टाकतो. कारण डोळे सांगतात की आपण वळतो आहोत. विहिरीच्या काठी हे एक पाऊल पुरेसे आहे.

यातूनच गरगरण्याचा त्रास होतो. एस. टी. लागणारी माणसे घरोघर असतात. कानाच्या आत तोल सांभाळणारी रचना आहे. डोळे म्हणतात हलतो आहोत, कान म्हणतो जागेवर आहोत. मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोटात ढवळते. गाडी चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, शेजारी बसलेल्याला लागते. तसेच इथेही. उडवणाऱ्यापेक्षा हौसेने दुसरा गॉगल लावून नुसते बघणाऱ्या म्हाताऱ्याला त्रास अधिक. म्हणून मामाला उभ्याने गॉगल लावू नये. आधी खाली बसवावे. मळमळले, घाम आला, तर लगेच काढावा. ज्याला चक्कर, फेफरे किंवा तोलाचा आजार आहे त्याने या वाटेला जाऊच नये.

चष्मेवाल्यांची आणखी पंचाईत. पुष्कळ गॉगलमध्ये चष्मा मावत नाही. काहींत नंबर फिरवून लावायची सोय असते, पण ती साध्या नंबरापुरती. सिलिंडरचा, म्हणजे तिरपा नंबर असलेल्याला वेगळी भिंगे करून घ्यावी लागतात. आणि दोन डोळ्यांतले अंतर माणसामाणसाचे वेगळे असते. ते जुळवून घेतले नाही तर चित्र दुहेरी दिसते आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकते. भाच्याला नीट बसलेला गॉगल मामाला बसेलच असे नाही.

ऊन, घाम आणि खर्च

भिंगाने ऊन एका ठिकाणी आणून कागद जाळायचा खेळ शाळेत सगळ्यांनी केला आहे. गॉगलमधली भिंगेही तशीच. गॉगल काढून बांधावर उताणा ठेवला आणि त्यात ऊन शिरले, तर काही क्षणांत आतला पडदा भाजतो आणि कायमचा डाग पडतो. काढला की लगेच पिशवीत घालावा किंवा झाकण लावावे. वैशाखाच्या उन्हात तो आतून तापतो. पावसाळी दमटपणात भिंगावर वाफ धरते. धूळ तर आहेच.

यंत्राची बॅटरी वेगळी, गॉगलची वेगळी. छोटा ड्रोन वीस मिनिटांच्या आतबाहेर उतरवावा लागतो. गॉगल दोनेक तास चालतो, पण तो मध्येच विझला तर उडवणारा तेवढ्यापुरता आंधळा. या बॅटऱ्या लिथियमच्या असतात. फुगलेली, चेपलेली बॅटरी भारायला लावू नये. भारताना रात्री झोपून जाऊ नये आणि कडब्याजवळ तर मुळीच ठेवू नये.

किंमतही बघा. चांगला गॉगल ड्रोनच्या बरोबरीने पैसे खातो. त्यात ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशातून तयार ड्रोन आणण्यावर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरती सूट आहे. सुटे भाग आणायला मोकळीक आहे. तेव्हा दुबईहून येणाऱ्या पाहुण्याला "येताना एक ड्रोन आण" असे सांगू नये. विमानतळावर त्याची अडचण होईल. इथे घेतानाही पावती, नोंदणी आणि दुरुस्तीची सोय पाहूनच पैसे मोजावेत.

शेताला गॉगलची गरज आहे का?

गॉगलचा गुण सांगायचा राहू नये. भर उन्हात मोबाइलचा पडदा काळा पडतो, तेव्हा गॉगलमध्ये चित्र लख्ख दिसते. खेळ म्हणून उडवणाऱ्यांना, शर्यती लावणाऱ्यांना, चित्रपटवाल्यांना त्याची गरज आहे. ते शिकलेले असतात, मोकळे मैदान घेतात आणि जोडीदार ठेवतात.

आपले काम वेगळे. आपल्याला बघायचे असते ते हे, की पाणी कुठल्या सरीला पोचले नाही, मका रानडुकरांनी कुठे आडवा केला, ऊस कुठे लोळला, हरभऱ्यात मर कुठून सुरू झाली. त्यासाठी यंत्र वीस-तीस मीटरवर स्थिर उभे करून खाली पाहिले तरी पुरते. तेवढ्याला मोबाइलचा पडदा भरपूर झाला. ऊन असेल तर बाभळीच्या सावलीत बसावे, किंवा पडद्याभोवती काळ्या पुठ्ठ्याची खोळ करावी. फुकटात काम होते. मान वर केली की यंत्र दिसते, खाली केली की शेत दिसते. पाखरू आपल्या नजरेखालीच राहते.

शिवाय गॉगलमध्ये बघतो तो एकटाच बघतो. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. त्यापेक्षा चित्र साठवून घ्यावे आणि संध्याकाळी जेवणे झाल्यावर घरच्या टी.व्ही.वर सगळ्यांनी मिळून पाहावे. खुरपणीला रोज वाकणाऱ्या घरच्या बाईला जे कळेल ते बिबवेवाडीच्या भाच्याला कळणार नाही. ती म्हणेल, "हा पिवळा पट्टा रोगाचा नव्हे, तिथे खाली मुरूम आहे." वरून दिसते ते नुसते चित्र असते. त्याचा अर्थ त्या मातीत पाय भरलेल्या माणसालाच लागतो. आणि शंका आली तर शेवटी चपला काढून सरीत उतरावेच लागते. नाहीतर ते उंटावरून शेळ्या हाकणे होईल.

ज्यांचे पोटच या यंत्रावर आहे, त्यांच्याकडे पाहा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. महिलांच्या १५,००० बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे असे ठरले. त्यातल्या बहिणींना पंधरा दिवसांचे शिक्षण दिले जाते. ती बहीण फवारणी करताना बांधावर उभी असते, हातात नियंत्रक, नजर यंत्रावर. वारा कुठून आहे, शेजारच्या रानात कुणी उतरले का, तार किती लांब आहे, हे ती उघड्या डोळ्यांनी पाहते. कामाचे माणूस डोळे झाकून घेत नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे १ डिसेंबर २०१८ पासून ड्रोनचे पहिले सविस्तर नियम लागू झाले. त्यातच ड्रोन दिवसा आणि आपल्या नजरेच्या टप्प्यात उडवावा, असे सांगितले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये नवी ड्रोन नियमावली आली आणि कागदपत्रांचे जंजाळ बरेच कमी झाले. तिच्याप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला नोंदणी आणि स्वतःचा क्रमांक लागतो. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कुठे उडवता येते याचा हिरवा, पिवळा, लाल असा नकाशा सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने संगणकावर खुला केला. हिरव्या भागातही साधारण १२० मीटर ही मर्यादा, आणि विमानतळाच्या आसपास त्याहून कमी. पुण्यात तर लोहगावला हवाई दल, शिवाय लष्कराची ठाणी. पोलीसही वेळोवेळी मनाईचे हुकूम काढतात. तेव्हा बिबवेवाडीच्या गच्चीवरून यंत्र सोडण्याआधी भाच्याने तो नकाशा पाहिलेला बरा.

अमेरिकेत छोटा ड्रोन कामधंद्यासाठी उडवताना, तो नेहमीच्या चष्म्याखेरीज कुठल्याही साधनाविना डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे, असा नियम आहे. उडवणाऱ्याने गॉगल लावला, तर ती नजर ठेवायला शेजारी दुसरा माणूस लागतो. इंग्लंडातही गॉगलवाल्याजवळ असा माणूस उभा करावा लागतो. ज्यांनी ही यंत्रे आपल्याआधी वापरली, ते आपल्याच निष्कर्षाला आले आहेत. झापड बांधायचे, तर जवळ डोळस माणूस हवा.

आणखी एक गोष्ट गावाच्या मनाची. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोक धास्तावले. चोर टेहळणी करतात, अशी आवई उठली आणि माणसांनी जागून रात्री काढल्या. ती भीती अजून पुरती गेलेली नाही. गॉगल लावून बसलेल्या पोराला आपले यंत्र कुणाच्या परसावरून चालले आहे याचे भान राहत नाही. तिथे एखादी लेकीबाळी न्हात असेल. उडवण्याआधी शेजाऱ्याला सांगावे, पोलीस पाटलाच्या कानावर घालावे. रात्री तर उडवूच नये.

भाचा आलाच, तर

पोराची हौस मोडू नये. नवे यंत्र घरात येते ते असेच, पोरांच्या हौसेने. फक्त मामाने एवढे पाहावे. उडवायला जागा मोकळी निवडावी. तार, विहीर, गोठा आणि आग्या मोहोळ यांपासून लांब. आधी दोन-चार वेळा गॉगलविना, उघड्या डोळ्यांनी उडवून शिवाराची ओळख करून घ्यावी. गॉगल लावायचाच तर खाली बसून लावावा. शेजारी एक जाणता माणूस उभा करावा आणि त्याला दुसरे काम देऊ नये. त्याने मोबाइलवर चित्रसुद्धा बघायचे नाही. यंत्र, आभाळ आणि माणसे एवढ्यावरच नजर ठेवायची. "तार", "घार", "माणूस", "उतरव" असे चार शब्द आधीच ठरवून घ्यावेत. "उतरव" म्हटले की वाद न घालता उतरवायचे. चित्र फाटू लागले की गॉगल झटकन वर सारून, यंत्र परत बोलावायचे. जनावरे दावणीला असतील याची खात्री करावी, कारण त्या घुंईघुंई आवाजाला बैल बुजतो. आणि लहान पोरांना उडवण्याच्या, उतरवण्याच्या जागेपासून दहा-पंधरा पावले लांब बसवावे.

तो जाणता माणूस कोण, हेही घरात आधीच ठरवा. बहुतेक घरांत मामीच त्या कामाला बरी. चूल, लेकरू आणि दारातली शेळी या तिघांवर एकाच वेळी नजर ठेवायची तिला सवय आहे.